सिम्युलेशनचा मालक म्हणजे देव का?

आपलं अख्खं विश्व म्हणजे कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर चाललेला प्रोग्राम, म्हणजेच सिम्युलेशन आहे, ही कल्पना आता कॉलेजच्या कट्ट्यापासून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत पोचली आहे. २०१६ साली एलॉन मस्क एका परिषदेत म्हणाला की आपण मूळ, अस्सल जगात असण्याची शक्यता अब्जावधीत एक आहे. अशा विधानांच्या आधाराने दोन तऱ्हेचे फॉरवर्ड फिरतात. एकाचं म्हणणं, बघा, शेवटी विज्ञानालाही देव मानावाच लागला. दुसऱ्याचं म्हणणं, यात नवीन काय, आमच्या ऋषींनी हीच तर माया सांगितली होती. मला दोन्ही पटत नाहीत. ते का, हे सांगायचं तर आधी मूळ युक्तिवाद समजून घ्यावा लागेल, कारण फॉरवर्डमध्ये नेमका तोच गळालेला असतो.

निक बोस्ट्रॉम हा स्वीडिश तत्त्वज्ञ. ऑक्सफर्डमध्ये असताना, २००३ साली, त्याने एक निबंध प्रसिद्ध केला. आपण सिम्युलेशनमध्येच राहतो असं त्यात तो म्हणत नाही. तो म्हणतो, पुढच्या तीन गोष्टींपैकी एक तरी खरी असलीच पाहिजे. पहिली, आपल्यासारख्या जवळजवळ सगळ्या संस्कृती तंत्रज्ञानाच्या शिखरावर पोचण्याआधीच नामशेष होतात. दुसरी, काही पोचतात, पण आपल्या पूर्वजांचं आयुष्य कॉम्प्युटरवर पुन्हा चालवून बघण्यात त्यांना रस नसतो, किंवा त्यांनी ते निषिद्ध ठरवलेलं असतं. तिसरी, आपण आत्ता जवळजवळ नक्कीच अशा एका सिम्युलेशनच्या आत आहोत.

तिसरी एकदम कुठून आली? ती येते मोजदादीतून. आजवर जन्मलेली माणसं ढोबळमानाने १०० अब्ज धरा. प्रत्येकाचं आयुष्य ५० वर्षांचं, आणि वर्षाचे साधारण ३ कोटी सेकंद. मेंदू सेकंदाला किती आकडेमोडी करतो याचे बरेच अंदाज आहेत. त्यातला १० चा १६ वा घात हा घेतला आणि गुणाकार केला, तर मानवजातीच्या डोक्यात आजवर जे जे घडलं, म्हणजे प्रत्येक दाढदुखी, प्रत्येक प्रेमभंग, परीक्षेच्या आदल्या रात्रीची प्रत्येक धडधड, ते सगळं चालवायला सुमारे १० चा ३६ वा घात इतक्या आकडेमोडी पुरतात. एखाद्या ग्रहाएवढ्या वस्तुमानाचा कॉम्प्युटर बनवता आला तर तो सेकंदाला १० चा ४२ वा घात इतक्या आकडेमोडी करू शकेल, असा एक अंदाज बोस्ट्रॉम देतो. म्हणजे आपला सगळा इतिहास त्याच्यासाठी सेकंदाच्या एक-दोन दशलक्षांशाचं काम. डोंगर, तारे, अणू सगळे सतत तपशीलवार चालवायची गरज नाही. कुणी बघायला गेलं की तेवढा भाग भरला की झालं.

इतकं स्वस्त असेल तर असा इतिहास एकदाच कशाला, हजारो वेळा चालवला जाईल. मग खरी माणसं मूठभर आणि सिम्युलेशनमधली माणसं बेसुमार. आतून दोघांनाही अगदी सारखंच वाटणार. अशा वेळी तुम्ही स्वतःला कुठल्या गटात धराल? युक्तिवाद एवढाच आहे, आणि त्यात कुठेही प्रयोग नाही, पुरावा नाही. आहे ती मोजणी आणि काही गृहीतकं.

गृहीतकांमधलं पहिलंच असं आहे की श्रद्धाळू माणसाने तिथेच थांबून नीट बघावं. मन कशाचं बनलंय याने फरक पडत नाही, असं ते गृहीतक. मेंदूतल्या पेशी जे करतात तेच सिलिकॉनच्या चिपने केलं, तर तिथेही जाणीव निर्माण होते. आकडेमोडीची रचना जुळली की झालं. हे मान्य असेल तरच पुढचं गणित सुरू होतं. जॉन सर्ल या अमेरिकन तत्त्वज्ञाने या विचाराला आयुष्यभर विरोध केला. कॉम्प्युटरवर पावसाचं सिम्युलेशन चालवलं म्हणून कुणी भिजत नाही, मग मनाचं सिम्युलेशन चालवलं तर मन कसं तयार होईल, असं त्याचं म्हणणं. आता गंमत बघा. जो माणूस शरीराहून वेगळा आत्मा मानतो, जाणीव ही त्या आत्म्याची आहे असं मानतो, त्याला हे पहिलं गृहीतक मान्यच करता येत नाही. त्याच्या लेखी प्रोग्राममधल्या बाहुल्यांमध्ये आत्मा कुठून येणार? म्हणजे ‘विज्ञानाने देव मानला’ असं लिहून हा युक्तिवाद पुढे ढकलणाऱ्याने नकळत आत्मा सोडून दिलेला असतो. देव मिळवायला आत्मा गहाण टाकायचा, हा व्यवहार त्याला खरंच हवा आहे का, एवढं एकदा विचारून घ्यावं.

दुसरी अडचण भौतिकशास्त्राकडून येते. जर्मन शास्त्रज्ञ सबिने हॉसनफेल्डर हिने या कल्पनेला सरळ छद्मविज्ञान म्हटलं आहे. निसर्गाचे नियम कॉम्प्युटरच्या टप्प्याटप्प्याच्या आकडेमोडीत बसवणं अतिशय अवघड आहे, आणि तसं करता येतं असं नुसतं गृहीत धरून चालणार नाही, हा तिचा आक्षेप. २०१२ साली बीन, दावूदी आणि सॅव्हेज या तीन भौतिकशास्त्रज्ञांनी एक तपासणी सुचवली होती. विश्व जर आलेखाच्या कागदासारख्या चौकटींच्या जाळ्यावर चालत असेल, तर अवकाशातून येणाऱ्या सर्वांत जास्त ऊर्जेच्या किरणांच्या दिशांमध्ये त्या जाळ्याची खूण दिसायला हवी. विचार सुंदर आहे. पण सिम्युलेशन करणाऱ्याने अशी चौकट वापरलीच पाहिजे, असं कुणी सांगितलंय? खूण नाही दिसली तर त्याने दुसरी पद्धत वापरली, असं म्हणून मोकळं होता येतं. शिवाय सिम्युलेशन चालवणाऱ्यांच्या, म्हणजे वरच्या जगातल्या कॉम्प्युटरच्या ताकदीचा हिशेब आपण आपल्या जगाचे नियम वापरून करतो. आपलं जग बनावट असेल तर त्याचे नियमही बनवणाऱ्याच्या मर्जीचे, आणि त्यांवरून वरच्या जगाबद्दल काय कळणार?

तरी क्षणभर सगळं मान्य करू. धरून चालू की आपण आत आहोत आणि बाहेर कुणीतरी आहे. तो कोण?

खुद्द बोस्ट्रॉमने त्या निबंधात म्हटलं आहे की सिम्युलेशन चालवणारे काही बाबतींत देवासारखे असतील. त्यांनी हे जग निर्माण केलं, त्यांची बुद्धी आपल्यापेक्षा अफाट, आपल्या जगाचे नियम मोडून ते इथे ढवळाढवळ करू शकतात, इथे काय चाललंय ते सगळं बघू शकतात. यादी वाचताना कीर्तनातलं वर्णन वाटतं. पण लगेच तो पुढची पायरीही दाखवतो. ते स्वतः आणखी वरच्या कुणाच्या तरी सिम्युलेशनमध्ये असू शकतात, आणि ते वरचेही. अगदी मुळाशी असलेल्यांनासुद्धा आपण मुळाशी आहोत याची खात्री कधीच करता येणार नाही.

इथे मला १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ सापडलेल्या जुन्या हस्तलिखितांची आठवण होते. ज्ञेयवादी म्हणून ओळखल्या गेलेल्या ख्रिस्ती पंथांचे ते ग्रंथ. त्यांतल्या कथेत हे जग यालदाबाओथ नावाच्या एका दुय्यम, अडाणी निर्मात्याने बनवलं आहे. तो मोठ्या ऐटीत सांगतो की माझ्याखेरीज दुसरा देव नाही. आपल्या वर कुणी आहे हे त्याच्या गावीही नसतं. सर्व्हर चालवणाऱ्याची याहून जुनी आणि याहून नेमकी व्यक्तिरेखा माझ्या तरी वाचनात नाही.

आपल्याकडे या प्रश्नावर सगळ्यांत कठोर उलटतपासणी केली ती कुणा नास्तिकाने नव्हे, तर वेदांवर नितांत श्रद्धा असलेल्या कुमारिल भट्टांनी, सातव्या शतकाच्या आसपास. ते मीमांसक, म्हणजे वेदांतल्या यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या पंथाचे. मीमांसकांना वेद हवेत, यज्ञ हवेत, पण जग निर्माण करणारा ईश्वर नको. कुमारिल विचारतात, हेतूशिवाय तर मूर्खसुद्धा काही करत नाही (प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते), मग ईश्वराचा हेतू कोणता? करुणा म्हणाल तर निर्मितीपूर्वी दया करायला कुणी नव्हतंच. आणि करुणेपोटी बनवलं असतं तर सगळं सुखाचंच बनवलं असतं. क्रीडा म्हणाल तर ज्याला करमणूक लागते तो पूर्णकाम, म्हणजे सगळ्या इच्छा पुरलेला, कसा? आणि तो स्वतः येऊन सांगू लागला की जग मीच केलं, तरी विश्वास का ठेवावा? स्वतःचं ऐश्वर्य मिरवायला तो न करताही केलं म्हणेल.

हे आक्षेप ईश्वराला जड जातात, पण सिम्युलेशन चालवणाऱ्याला जवळजवळ लागतच नाहीत. त्याला हेतू विचारा, तो सांगेल: पीएचडीसाठी डेटा हवा होता. किंवा, इतिहासाच्या वर्गाला दाखवायचं होतं. किंवा, कंटाळा आला होता. आपण पूर्णकाम आहोत असा त्याचा दावाच नाही. त्याला वरिष्ठ असतील, विजेचं बिल असेल, प्रकल्पाची मुदत असेल. म्हणजे कुमारिलांच्या कसोटीतून तो सुटतो तो देव म्हणून पास झाल्यामुळे नाही, देव नसल्यामुळे. शेवटचा आक्षेप मात्र त्यालाही चिकटतो. उद्या आकाशात ठळक अक्षरांत ‘मी तुमचा निर्माता आहे’ असा संदेश उमटला, तरी त्यातून एवढंच सिद्ध होईल की कुणाला तरी आकाशात लिहिता येतं.

याच्या शेजारी ब्रह्मसूत्रांतली, म्हणजे वेदान्ताच्या पायाभूत ग्रंथातली, दोन लागोपाठची सूत्रं ठेवून बघण्यासारखी आहेत. एक म्हणतं, सृष्टी ही केवळ लीला आहे. पण लीला म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच: कुणी जन्मतः आंधळा, कुणी राजाच्या घरी, ही कसली लीला? हा पक्षपात झाला, निर्दयपणा झाला. म्हणून पुढचं सूत्र: वैषम्य आणि नैर्घृण्य हे दोष ईश्वराला लागत नाहीत, कारण तो जिवांच्या कर्मांनुसार देतो. ही सबब पटो न पटो, निदान ती दिलेली आहे. सिम्युलेशन चालवणाऱ्याकडे अशी काहीच सबब नाही. भूकंप, महारोग, लहान मुलांचे कॅन्सर हे सगळं त्याने कोडमध्ये राहू दिलं, आणि बंद करायचं बटण त्याच्या हाताशी होतं. आपण उंदरांवर प्रयोग करायचे झाले तरी एखाद्या समितीची परवानगी घेतो. दुःखाचा जुना प्रश्न सिम्युलेशनने सुटत नाही. उलट, उत्तर देणाऱ्याला आता कर्म, पुनर्जन्म, परलोकातला न्याय यांपैकी कशाचाही आयता आडोसा उरत नाही.

मग अशा निर्मात्याची पूजा करावी का? ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्सने या विषयावर बरंच लिहिलं आहे आणि त्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. कुणी कितीही सामर्थ्यवान असला तरी तेवढ्याने तो पूजनीय होत नाही. मला वाटतं, हिंदू मनाला हे समजवावंच लागत नाही, कारण आपण ते कधीच अमलात आणलेलं आहे. सृष्टी निर्माण केली ब्रह्मदेवाने, ही गोष्ट घरोघरी माहीत आहे. त्याची देवळं किती? राजस्थानात पुष्कर आहे, गोव्यात सत्तरी तालुक्यात ब्रह्मकरमळी आहे, आणखी मोजकी असतील. शंकराची आणि मारुतीची मोजायला बसलात तर तालुका संपता संपणार नाही. आषाढीला पंढरपूरला चालत जाणारा वारकरी विठ्ठलाने विश्व कसं बनवलं हे कळल्यामुळे जात नाही. तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, रुसतात, त्याला दोष देतात. त्या सगळ्या अभंगांत ‘तू निर्माता आहेस म्हणून’ हे कारण फार वर येत नाही. निर्मिती हे एक खातं आहे आणि भक्ती हा एक संबंध आहे. सिम्युलेशनची कल्पना फार तर पहिल्याबद्दल काही सांगेल.

इस्लाम, ख्रिस्ती आणि ज्यू धर्मांत हा प्रश्न जास्त टोचतो, हे खरं. तिथे निर्माता आणि उपास्य एकच आहे. पण तिथलाही ईश्वर विश्वाच्या बाहेर बसलेला एखादा बलाढ्य प्राणी नाही. जे जे म्हणून आहे त्या सगळ्याचं, वरच्या मजल्यांसकट, अस्तित्व त्याच्यावर टेकलेलं आहे. त्यामुळे मधे दहा सिम्युलेशन घुसवली तरी त्या श्रद्धावंताचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो: सगळ्यांत वरचं जग कुणामुळे आहे?

आता मायेचा फॉरवर्ड. योगवासिष्ठ या जुन्या संस्कृत ग्रंथात लीला राणीची कथा आहे. तिचा नवरा, राजा पद्म, मरण पावतो. सरस्वती तिला दाखवते की तो त्याच महालात, त्याच पोकळीत, दुसऱ्याच एका जगात विदूरथ नावाने राज्य करतो आहे. लीला चक्रावते. त्याहून मोठा धक्का पुढे आहे. लीला ज्या राज्यात राणी म्हणून जगली ते पद्माचं राज्यही एका ब्राह्मणाच्या घरातल्या पोकळीत आहे. वसिष्ठ नावाच्या त्या ब्राह्मणाने एकदा राजाची स्वारी जाताना पाहिली आणि त्याला राजा व्हावंसं वाटलं. त्याला मरून आठच दिवस झालेत. इकडे तेवढ्यात राजाचं अख्खं आयुष्य उलटून गेलं.

जगात जग, त्यात आणखी जग, प्रत्येकाचं घड्याळ निराळं. सिम्युलेशनशी साम्य थक्क करणारं आहे, यात वाद नाही. पण प्रोग्राम कुणी चालवला? तिथे बाहेरचा कुणी नाही. ब्राह्मणाचीच वासना, तिचंच जग, आणि ते बघणाराही तोच. मायेची कल्पना उभीच आहे ती बघणारा आणि मूळ तत्त्व अखेर एकच, या पायावर. सिम्युलेशनमध्ये मालक वेगळा, तुम्ही वेगळे, आणि तुम्ही कितीही ध्यान लावलंत तरी तुम्ही त्याच्या टेबलावरचा डेटाच. तिथे मोक्ष म्हणजे काय असेल? फार तर फाइल दुसऱ्या मशीनवर कॉपी होईल. शिवाय ‘जग म्हणजे स्वप्न’ हे वाक्य ज्यांच्या नावावर खपवलं जातं त्या शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात बौद्ध विज्ञानवाद्यांना, म्हणजे बाहेरचं जग नाही, आहे ती फक्त जाणीव असं मानणाऱ्यांना, उत्तर देताना बजावलं आहे की जागेपणीचा अनुभव स्वप्नासारखा नाही. जाग आली की स्वप्न खोटं ठरतं, जागेपणी समोर दिसणारा खांब तसा खोटा ठरत नाही. व्यवहाराच्या पातळीवर त्यांना जग पक्कं हवं आहे.

गंमत म्हणजे चाल्मर्सही जवळपास इथेच येतो. सिम्युलेशनमधलं झाड खोटं नाही, असं तो म्हणतो. ते खरंच झाड आहे, फक्त मुळाशी बिट्सचं, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या शून्य-एकांचं बनलेलं. आपल्याला आधी झाडं ठाऊक होती, मग कळलं ती अणूंची आहेत. तेव्हा कुणी झाडं खोटी ठरवली नाहीत. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात अज्ञानाचं खंडन करून जगाला चैतन्याचा विलास म्हटलं, भ्रम म्हटलं नाही. दोघांची तत्त्वं अर्थातच एक नाहीत, एकाकडे बिट्स आहेत आणि दुसऱ्याकडे चैतन्य. पण ‘मुळाशी वेगळं काही आहे म्हणून दिसतं ते फसवं’ ही घाई दोघांनीही केलेली नाही, आणि फॉरवर्ड करणारा नेमकी तीच करतो.

राहिला वागण्याचा प्रश्न. अर्थशास्त्रज्ञ रॉबिन हॅन्सनने २००१ सालीच एका लेखात सल्ला दिला होता की आपण सिम्युलेशनमध्ये असण्याची शक्यता वाटत असेल तर उद्याची काळजी कमी करा आणि बघणाऱ्याची करमणूक होईल असं जगा, म्हणजे तुम्हाला चालू ठेवतील. प्रेस्टन ग्रीन या तत्त्वज्ञाने २०१९ साली इशारा दिला की आपण आत आहोत का हे प्रयोगाने शोधूच नका. आतल्यांना कळलं तर प्रयोग वाया गेला म्हणून मालक सगळंच बंद करेल. बोस्ट्रॉम जास्त गंभीर आहे. वरच्यांकडून आपल्या नैतिक वागण्यानुसार बक्षीस किंवा शिक्षा मिळू शकते, अशी शक्यता तो मांडतो. आपण मुळाशी आहोत याची खात्री कुणालाच नाही, त्यामुळे प्रत्येक मजल्यावरच्याला, अगदी वरच्यालाही, नीट वागण्याचं कारण मिळतं.

ऐकायला छान वाटतं. पण नवस बोलणाऱ्यालाही देवाची आवड माहीत असते. नारळ कुणाला चालतो आणि कोंबडं कुणाला, हे गाव जाणतं. इथे बघणाऱ्याची आवड कुणाला माहीत आहे? युद्धांचा अभ्यास करणाऱ्याला तुमची भांडणं हवी असतील, साथींचा अभ्यास करणाऱ्याला तुमचं आजारपण, आणि कंटाळलेल्या पोराला तुमचा अपघात. बोस्ट्रॉमची नीती चालते ती वरच्याला चांगुलपणाच मोजायचा असेल तरच, आणि १०० अब्ज माणसांच्या त्या गुणाकारात असं मानायला आधार देणारा आकडा कुठेच नाही.